दुधाच्या गाडीची टोचनगाडी

आमच्या भागात गाडी बंद पडली की माणसं आधी बोनेट उघडत नाहीत, आधी दगड गोळा करतात. गाडीच्या मागं आणि बाजूनं दगडांची ओळ लावायची, ओळीच्या टोकाला बाभळीची फांदी ठेवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की इथं कुणीतरी अडकलंय. मग गाडी दुरुस्त होते, निघून जाते, आणि दगड तिथंच राहतात. ते उचलायची आमच्यात पद्धत नाही. मागून येणारा त्या दगडांना शिव्या घालत वळसा घेतो, आणि त्याची स्वतःची गाडी बंद पडली की तोही तेच करून जातो. मी दूध संघाची गाडी चालवायचो तेव्हा या दगडांनी माझे कितीतरी टायर खाल्ले. त्यातून मला खोड लागली. रस्त्यात असे दगड दिसले की थांबायचं, खाली उतरायचं, आणि एकेक दगड उचलून बाजूला टाकायचा. बायको म्हणायची, "सरकारनं तुमाला दगडं उचलायला ठेवलंय का?"

संघ बंद पडला तो दुष्काळानं. तसं कुणी तोंडानं म्हटलं नाही. सभेत 'संकलन तात्पुरतं स्थगित' असा शब्द वापरला. पण गावोगावची जनावरं आधी छावणीत गेली, छावणीतून बाजारात गेली, आणि कॅन रिकामे परत यायला लागले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटच्या आठवड्यात एका वस्तीवर एक म्हातारी वाटीभर दूध घेऊन रस्त्याला उभी होती. गाडी चुकायला नको म्हणून लवकर येऊन उभी राहिलेली. तेवढं दूध मापातसुद्धा येत नव्हतं. मी ते कॅनमध्ये ओतलं, वाटी परत दिली आणि गाडी पुढं काढली.

पुढं संघानं गाडी भंगारात काढली. जुनी व्हॅन होती ती, चपट्या तोंडाची, गोल दिव्यांची, इंजिन दोन सीटांच्या मधोमध. उन्हाळ्यात डाव्या पायाला चटके बसायचे. तिच्या वयाची दुसरी गाडी आमच्या तालुक्यात उरली नव्हती. लिलावाला बोली लावायला मी एकटाच गेलो. सहकारात बिनविरोध झालेली एवढी एकच गोष्ट माझ्या वाट्याला आली.

गाडी घरी आणली तेव्हा बायकोनं विचारलं, "आता हिचं काय करायचं?" मी म्हणालो, "टोचनगाडी." रस्त्यात बंद पडलेली वाहनं ओढून नेणारी गाडी. आमच्याकडं ऊस कारखान्यावर जायचा तो ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी, आणि हंगामात रोज कुठं ना कुठं एखाद्या ट्रॉलीचं चाक निखळलेलं असायचं, एखाद्या ट्रॅक्टरचा पुढचा धुरा मोडलेला असायचा. ते उचलून न्यायला क्रेन मागवायची तर बीडहून. ती येईस्तोवर रस्ता तुंबायचा, उसाचं वजन घटायचं, शेतकरी बोंबलायचा. मी हे सगळं दुधाच्या फेऱ्यांत रोज बघत आलो होतो.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमी गाडी उभी करा. यंदा मी जाते. गाडी उभी ऱ्हायली की मग मी कुठंच जायची न्हाई."

जाते म्हणजे ऊसतोडीला. संघाची नोकरी होती तोवर माझ्या बायकोनं कोयता हातात धरला नव्हता, आणि त्याचा मला अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण नोकरी गेली आणि घरात बसून खाण्यासारखं काही नव्हतं. तोडीला एकट्या माणसाला विचारत नाहीत. कोयता म्हणजे जोडी, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून गाडीला वाहायची. माझा डावा हात तरुणपणी विहिरीच्या कामावर मोडलेला. हाडवैद्यानं तो असा बसवला की स्टेअरिंग धरता येतं, पण डोक्यावर मोळी घेता येत नाही. तिकडं तिच्या भावाची बायको आजारानं बसून होती, त्याचाही कोयता अर्धाच. मग बहीणभावांनी मिळून एक कोयता केला. दसरा झाल्यावर ती दोघं गेली, कोल्हापूरच्या बाजूला. मी राहिलो, आणि दारात ती गाडी.

तोडीला गेलेलं गाव ज्यानं बघितलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. दाराला कुलपं, कुलपाला आडवी बोराटीची फांदी. गल्लीत फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. कुत्र्यांचं बरं असतं, ती चार दिवस आपापल्या दारात बसतात आणि मग ज्याच्या घरी चूल पेटते त्याच्या दारात येऊन पडतात. माझ्या दारात चांगली फौज जमली. मला भाकरी थापता येत नाही, वाकड्या हातानं तर ती नकाशासारखी व्हायची. बिघडलेल्या भाकरी कुत्र्यांना घालायचो आणि त्यांच्याशीच बोलायचो. दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडला नाही की संध्याकाळी स्वतःचाच आवाज ऐकून दचकायला होतं. मला फार एकटं वाटायचं. पुरुष माणसानं असं म्हणू नये म्हणतात, पण वाटायचं.

तिचा फोन यायचा भावाच्या मोबाइलवरून, चार्जिंग असेल तेव्हा. मागं पाचट जळाल्याचा तडतड आवाज, कुणीतरी मुकादमाच्या नावानं ओरडतंय. ती खुशाली न विचारता पहिलं हेच विचारायची, "कुठवर आली गाडी?"

गाडीचा नकाशा मी अंगणात काढला. कागदावर मला जमत नाही. चूक झाली की दिसत नाही. चुलीतली राख गोळा केली आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर गाडी आहे तेवढीच, खऱ्या मापाची आखली. पुढची चाकं इथं, मागची इथं, सीटच्या मागं बॉडी कापायची ती इथं, आणि तिथून मागं निघणारा लोखंडी हात. रोज सकाळी वाऱ्यानं अर्धं पुसलेलं असायचं, ते मी पुन्हा आखायचो, आणि आखता आखता काहीतरी बदलायचो. शेजारची म्हातारी आठवडाभर लांबून वळसा घालून जात होती. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. "कावून रे बाबा, करणी करायलास का?" मी म्हणालो, "व्हय, संघाच्या संचालकांवर." ती म्हणाली, "मग चांगली बसू दे," आणि त्या दिवसापासून राखेच्या बाजूनं बिनधास्त जायला लागली.

लोखंडी हात करायचा कसा हे मला यारीवरनं सुचलं. विहीर खणताना खालचे दगड वर ओढायला जे लोखंडी धूड काठावर उभं करतात, ती यारी. माझा हात तिनंच मोडला होता, म्हणून तिची हाडं मला चांगली पाठ. दुष्काळात विहिरींची कामं थांबली होती. एका यारीवाल्यानं आपली मोडकी यारी शेताच्या बांधावर टाकून दिलेली, ती मी मागून आणली. उचलायला चेनकुप्पी मिळाली एका बागाईतदाराकडून. विहिरीतली मोटार वर काढायला त्यानं ती घेतली होती. आता विहिरीत मोटारही नव्हती आणि पाणीही नव्हतं. हाताला आधाराचा पाइप निघाला एका कोरड्या बोअरचा. माझ्या गाडीचा एकेक भाग असा पाण्याच्या नसण्यातून आलेला आहे.

जोडकाम सिरसाळ्याला केलं. तिथला वेल्डर माझ्या वयाचा, तोंडानं फाटका पण हातानं चोख. चेसिसला खालून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल जोडले, कापलेल्या बॉडीच्या जागी यारीचा हात उभा केला, आणि तो मागं कलू नये म्हणून त्याला पुढून दोन तिरपे टेके दिले. रंग मी स्वतः मारला, पिवळा. पण संघाची अक्षरं काही जाईनात. दोन हात मारले तरी पिवळ्याखालून 'सहकारी' एवढं दिसतच राहिलं. वेल्डर म्हणाला, "ऱ्हाऊ दे बे, सरकारी गाडी वाटंल. पोलीस अडवायचा न्हाई."

पहिली चाचणी त्याच्याच दुकानासमोर घेतली. एक बंद जीप उभी होती. तिच्या पुढच्या धुऱ्याला साखळी घातली, चेनकुप्पी ओढायला लागलो. जीपचं तोंड वर आलं. आणि माझ्या गाडीचंही! मागं भार पडला तशी ती पुढून उचलली. पुढची चाकं जमिनीला टेकली न टेकली अशी. चाकांवर भारच नाही म्हटल्यावर स्टेअरिंग फिरवून उपयोग काय, गाडी वळणार कशी? चहाच्या टपरीवरची माणसं हसली. वेल्डर हसला नाही. तो म्हणाला, "यारीला मागून दगडं ठेवतेत का न्हाई? तशी हिला पुढून ठेव. आपल्याकडं दगडाला काय तोटा हाय?"

इथं माझी अक्कल आडवी आली. मला दगड नको होते. आयुष्यभर मी रस्त्यातले दगड उचलून फेकत आलो, ते आता गाडीत घालून मिरवायचे? शिवाय दगड एकदा बसले की बसले. रिकाम्या फेरीलासुद्धा ते वाहायचे आणि डिझेल जाळायचं. माझ्याकडं संघाचे चार जुने कॅन होते, झाकण घट्ट बसणारे. गाडीच्या नाकावर पट्ट्यांचा एक कठडा केला, त्यात चारी कॅन उभे केले आणि पाण्यानं भरले. ओढायला जाताना भरायचे, काम झालं की ओतून द्यायचे, परत येताना गाडी फुलासारखी. पुन्हा जीप उचलली. पुढची चाकं जमिनीला घट्ट. टपरीसमोर वळवून दाखवली. "लई शहाणा हायस," वेल्डर म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

तेव्हा हिवाळा होता, आणि आमच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं. एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पाडव्याला ती आली. उन्हानं काळी झालेली, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. पिशवी खाली ठेवली आणि घरात न जाता आधी गाडीभोवती फिरली. यारीचा हात हलवून बघितला. पिवळ्या रंगाखालच्या अक्षरांवरनं बोट फिरवलं आणि हसली. मग पुढचं दार उघडून सीटवर बसली. इतक्या वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती. संघाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही असा नियम होता, आणि संचालकांच्या सासुरवाडीची माणसं खुशाल बसून जायची तरी मी तो पाळायचो. मी तिला वडवणीच्या बाजारापर्यंत नेऊन आणलं. वाटेत एक बाई ओरडली, "दूध सुरू झालं का वो?" बायकोनं खिडकीतून हात बाहेर काढून "न्हाई, न्हाई" केलं, आणि मग गावापर्यंत हसत राहिली. मी म्हणालो, "गाळप सुरू झालं की तुला अशीच पुढं बसवून कारखान्यावर नेतो." ती म्हणाली, "बघू."

कारखान्यावर मी त्या उन्हाळ्यातच जाऊन आलो. ऊसयार्डाच्या साहेबानं गाडी फिरवून बघितली, चेनकुप्पी वर-खाली करून बघितली आणि म्हणाला, हंगामात यार्डातच उभी करा, वाटेत आमच्या उसाचं काहीही पडलं तरी तुम्हीच जायचं. मी पेढे घेऊन घरी आलो. तिनं भावाला सांगितलं, यंदा दुसरी जोडी बघ. त्याचं तोंड पडलं, पण बहिणीचं बरं होतंय म्हटल्यावर तो कबूल झाला.

मग पाऊस आलाच नाही. मृग गेला, आर्द्रा गेली, पेरलेलं उगवून करपलं. श्रावणात लोक रस्त्यावर टँकरची वाट बघत होते. शेतातला उभा ऊस कारखान्याऐवजी छावणीतल्या जनावरांच्या तोंडी गेला. मी रोज गाडी चालू करून बंद करायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. दसऱ्याला कारखान्याचं बॉयलर पेटवतात, मांडव पडतो, भाषणं होतात. त्या वर्षी मांडव पडला नाही. साहेब फोनवर एवढंच म्हणाला, "पुढच्या साली बघू." ऊसच नाही तर ट्रॉली कुठली, आणि ट्रॉली नाही तर माझी गाडी उचलणार काय?

मेव्हणा आला तो उंबऱ्याच्या आत आला नाही, दारातच बसला. "दाजी, मला दुसरी जोडी गावली न्हाई," म्हणाला. पुढचं बोलायची गरज नव्हती. ती आतून सगळं ऐकत होती. चहा घेऊन बाहेर आली आणि कपबश्या खाली ठेवता ठेवता म्हणाली, "कदी निघायचं?" मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "तुमची गाडी उभी हाय की. पाऊस उभा ऱ्हायला न्हाई, त्याला तुमी काय करणार?"

जायच्या आदल्या दिवशी टँकर आला होता. तिनं रांगेत उभं राहून घागरीवर घागरी आणल्या आणि घरातली टाकी काठोकाठ भरली. "पुढचा टँकर कदी येतो कुणाला ठावं. जपून वापरा," म्हणाली. सकाळी टेंपो आला. चार-पाच जोड्या, त्यांची पोरंसोरं, ज्वारीची पोती, झोपडीवजा कोप्यांचे बांबू, कोंबड्या. ती मागं बायकांत बसली. टेंपो वळला आणि कुत्री थोडं अंतर त्याच्यामागं पळून परत आली. मी घरात येऊन नुसता बसून राहिलो. चूल पेटवली नाही.

ऊन चढल्यावर मेव्हण्याचा फोन आला. वडवणीच्या अलीकडच्या चढाला टेंपोचं पुढचं चाक बसलं होतं. बेअरिंग गेलं, चाक वाकडं होऊन आत शिरलं, गाडी जागची हलेना. "दाजी, तुमची गाडी घेऊन येता का?"

या गाडीला आलेलं ते पहिलं काम.

कॅन भरायला पाणी हवं होतं. विहीर कोरडी, आडाला तळ दिसत होता. मी घरातली टाकी उघडली आणि तिनं भरलेलं पाणी चारी कॅनमध्ये ओतलं. टाकीच्या बुडाला दोन-तीन तांबे राहिलं असेल. मनात म्हटलं, काम झालं की परत टाकीत ओतू, पाणी काही पळून जात नाही. दुष्काळात पाण्याचा दगडासारखा वापर करणारा तालुक्यात मी एकटाच शहाणा.

चढाला पोचलो तेव्हा टेंपोभोवती दगडांची ओळ लागलेली होती आणि टोकाला बाभळीची फांदी. रस्त्याला झाड म्हणून नव्हतं. बायका टेंपोच्या सावलीत पोरांना घेऊन बसल्या होत्या. सावली जशी सरकत होती तशा त्याही सरकत होत्या. सकाळपासूनच्या कळश्या संपलेल्या. मी उतरलो तोच एका बाईनं कॅनकडं बघितलं. "दादा, यात पाणी हाय का?" काय सांगणार? हे पाणी प्यायचं नाही, हे वजन आहे? तिच्या मांडीवरच्या पोराचे ओठ सुकलेले दिसत होते. मी झाकण उघडलं. एक तांब्या पुढं आला, मग दुसरा, मग कळश्या. पोरांच्या तोंडावरनं पाणी फिरवलं, कोंबड्यांना पाजलं, वाटेसाठी कळश्या भरून घेतल्या. आमच्या माणसांना पाणी दिसलं की उद्याचंही भरून ठेवायची सवय, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बायको लांबून कॅनकडं बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "टाकीतलं?" मी मान हलवली. "म्या तुमच्यासाठी भरलं व्हतं," ती म्हणाली, आणि तिनंही एक तांब्या भरून घेतला.

पुरुषांनी टेंपोतली पोती मागच्या बाजूला सरकवली. मी साखळी लावली, चेनकुप्पी ओढली. टेंपोचं तोंड वर आलं आणि माझ्या गाडीचं नाक त्याहून वर. कॅन रिकामे होते. पुढची चाकं हातानं फिरवली तर फिरत होती.

मी भार पुन्हा खाली सोडला आणि तिथंच उभा राहिलो. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बरं झालं. माझ्याकडं खरं कारण होतं, खोटं बोलायची गरजच नव्हती. गाडी पुढून उचलतेय, जमणार नाही, बीडहून क्रेन मागवा. क्रेन दोन दिवस तरी आली नसती. तोवर मुकादम ओरडला असता, दुसऱ्या टोळ्या पुढं गेल्या असत्या, कोण जाणे, हिची जागा भरलीही असती. ती पिशवी उचलून माझ्याबरोबर घरी आली असती. मी तोंडही उघडलं. "पुढून उचलतीय," मी मेव्हण्याला म्हणालो, "जमायचं न्हाई."

एक जण हसल्यासारखा म्हणाला, "मग काय उपेगाची टोचन, दाजी?"

बायको पुढं आली. तिनं रिकाम्या कॅनकडं बघितलं, सैल पडलेली साखळी बघितली. तिला कळायला वेळ लागला नाही. फोनवर दर वेळी तीच तर विचारत होती, कॅन कुठं बसवले, किती भार लागतो, सगळं. तिनं त्या हसणाऱ्या माणसाकडं वळूनही बघितलं नाही. मला म्हणाली, "वजनच पाह्यजे ना? मी बसते पुढं."

मी म्हणालो, "एकट्या तुझ्यानं काय होणार?"

"मग ह्यांना घेते." तिनं दोन जाडजूड बायकांना हाक मारली, दोन पुरुषांना कॅन काढून त्या कठड्यावर उभं राहायला सांगितलं. मग दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि त्या दोघींना शेजारी ओढून घेतलं. मी अजून तिथंच उभा. खिडकीतून वाकून ती एवढंच म्हणाली, "चला आता. तुमची गाडी खोटी पडायला नको."

मी चेनकुप्पी ओढली. टेंपोचं तोंड वर आलं. माझी चाकं जमिनीला घट्ट टेकून होती.

वडवणीपर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवली. बाकीची माणसं मागून चालत येत होती, चढाला हात लावत होती. शेजारच्या दोघी बायका गाडीच्या उंचीचं कौतुक करत होत्या. मी बायकोला म्हटलं होतं, तुला पुढं बसवून नेईन. नेत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "लई छान वढती." मी गिअर बदलला. नवीन गाडीचं पहिलं काम बघायला वडवणीच्या नाक्यावर माणसं गोळा झाली, कुणीतरी शिट्टीही मारली. मला त्या गर्दीत जेवढं एकटं वाटलं तेवढं रिकाम्या गावातही कधी वाटलं नव्हतं.

फिटरनं बेअरिंग बदललं, चाक सरळ केलं. सगळे परत टेंपोत चढले. मेव्हण्यानं कॅन माझ्या गाडीत ठेवून दिले. ती चढताना मी खालून हात दिला, नेमका वाकडा. ती म्हणाली, "भाकरी जाड थापू नका, कच्ची ऱ्हाती." मग टेंपो बीडच्या रस्त्याला लागला.

त्या हंगामात मला कामं पुष्कळ मिळाली. दुष्काळात रस्त्यावर दुसरं काही नव्हतं. जाणाऱ्यांच्याच गाड्या होत्या, आणि त्याच बंद पडायच्या. उमापूरपर्यंत जाऊन मी टेंपो आणि ट्रॅक्टर ओढले. माणसं माझं नाव घ्यायला लागली. कारखाना पुढं कधीतरी सुरू झाला, पण तोवर तिला तोडीची आणि भावाला तिची सवय लागली होती. ती पाडव्याला यायची, दसऱ्याला जायची. एका हंगामाला गेली ती तिकडंच तापानं गेली. तिला आणायला मी पोचलो नाही. तिला अग्नी देऊन भाऊ एकटाच परत आला. गाडी दारात उभी होती, चालू होती, आणि बायकोला आणायला तिचा काहीही उपयोग नव्हता.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. वडवणीहून परत येताना चढाला ते दगड होते. टेंपो गेला होता, दगड तसेच, टोकाला फांदीही. सवयीनं थांबलो. पहिला दगड उचलला, बाजूला टाकायला हात मागं नेला, आणि टाकला नाही. गाडीतून कॅन काढून कठड्यात उभे केले आणि एकेक दगड आत टाकायला लागलो. तोंडात मावत नव्हते ते दुसऱ्या दगडानं फोडून घातले. ओळ संपली तरी कॅन भरेनात, मग रस्त्याच्या कडेचे घेतले. चारी भरले तेव्हा झाकणं ठोकून बसवली.

ते दगड अजून गाडीत आहेत. त्या दिवसापासून ती पुढून कधी उचलली नाही. पुढच्या सीटवर कुणाला बसवायची वेळ आली नाही.